शेवटून दुसरा किनारा

तिच्या सॅकच्या कमरपट्ट्याच्या बक्कलचा एक दात तुटलेला होता आणि सगळा भार दुसऱ्यावर — काळं प्लॅस्टिक, कडेला मीठ वाळून उमटलेली पांढरी रेघ, आणि लावताना 'टक' असा जो आवाज यायला हवा तो येतच नव्हता. नुसतं दाबल्यासारखं व्हायचं, लागलंय की नाही कळायला मार्ग नाही. तिने तिसऱ्यांदा दाबलं. दाराबाहेरच्या पायरीवर तो आपली सॅक चढवून केव्हाचा उभा होता. पूर्वी त्याने न विचारता येऊन लावून दिलं असतं, वर 'पोट आत घे, पोट' म्हणून चिडवलं असतं. आता त्याने विचारलं, "मदत करू का?"

"नको, जमेल. थँक्यू."

"बरं."

झालं, सकाळचं बोलणं आटोपलं. खोलीत तिने एकदा नजर फिरवली — दोन खाटा, मध्ये खुर्ची, खुर्चीवर दोघांचे ओले टॉवेल शेजारी शेजारी वाळलेले. ते तिने घडी करून घेतले, त्याचा त्याला दिला, तिचा तिने ठेवला. बारा दिवसांत नऊ किनारे झाले होते. हा शेवटून दुसरा.

ही सगळी कल्पना त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई म्हणजे शब्द तोंडात विरघळायच्या आत बोलून मोकळी होणारी बाई. ती म्हणाली होती, "वकिलाकडे जायचंय ना, खुशाल जा, मी काही आडवी येणार नाही. पण त्याआधी बारा-पंधरा दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाला दोघं. माणूस घरात कळत नाही, वाटेत कळतो." आणि दोघांनी ठरवलं — फार समंजसपणे, एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरवावं तसं — की वाटेत तो विषय काढायचा नाही. शेवटच्या किनाऱ्यावर पोचलं की बसायचं आणि प्रत्येकाने आपापलं सांगून टाकायचं : एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं. उद्या सकाळी परतीची बोट. म्हणजे आजच. आज दुपारच्या जेवणापर्यंत तिचं लग्न असणार होतं किंवा नसणार होतं, आणि ती टॉवेलांच्या घड्या करत होती.

तिचं वाक्य मात्र तयार होतं. चौथ्या किनाऱ्यापासून ती त्यावर काम करत होती. आधी ते लांबलचक होतं, त्यात 'प्रामाणिकपणे' होतं, 'खूप विचार करून' होतं, 'असं' होतं, 'की' होता. सगळं तिने एकेक करत छाटलं. सोळा वर्षं प्रूफं तपासण्यात गेलेल्या बाईला एवढं तर यायलाच हवं. आता उरलं होतं ते असं — 'मला वाटतं, आपण वेगळं झालेलं बरं.' यात कानामात्रेची चूक नाही, आरोप नाही, रडगाणं नाही. चालताना ती ते मनात म्हणून बघायची आणि दर वेळी ते नीट बसायचं.

वाटेत चहाची टपरी लागली. टपरीवाली बाई दोन ग्लास विसळत म्हणाली, "खडकांवरून पलीकडे जाणार? मग आत्ताच निघा. दुपारी पाणी चढतं, वाट बुडते. आणि हात धरून जा बाई, शेवाळ फार आहे."

"बिस्किट घेतेस?" त्याने विचारलं. "हे की ते?"

हे की ते. त्याच्या चष्म्याच्या दुकानात तो दिवसभर हेच विचारतो. काच बदलतो आणि विचारतो, हे स्पष्ट की हे? आणि माणसं गोंधळून म्हणतात, दोन्ही सारखंच दिसतं हो. तेव्हा तो न चिडता पुन्हा पहिली काच लावतो. लग्नाआधी ती डोळे तपासायला गेली तेव्हा मुद्दाम चार वेळा चुकीचं सांगितलं होतं, त्याला आणखी थोडा वेळ समोर बसवावं म्हणून.

"कुठलंही. थँक्यू."

"सॉरी, साखर जास्त पडली का तुझ्यात?"

"नाही नाही, छान आहे."

टपरीवाली हसली. "नवीनच लग्न दिसतंय. किती जपून बोलता एकमेकांशी!"

त्यावर दोघंही हसले, बाईचा मान राखायला. तिने चहा अर्धाच ठेवला.

कारण ते जपून बोलणं कधी सुरू झालं ते तिला तारखेनिशी माहीत होतं. त्याची आई चार महिने अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या टेबलावर तेव्हा एका शब्दकोशाची प्रूफं होती — अकराशे पानं, मुंगीएवढा टाईप, प्रकाशकाचा रोज फोन. तो म्हणाला होता, "तू तुझं काम कर, आईचं मी बघतो." आणि तिने काम केलं. खरंच केलं! प्रूफं वाचताना अर्थात शिरायचं नाही, अर्थात शिरलात की चूक निसटते, डोळा अक्षरावर ठेवायचा — हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. त्याचं वाक्यही तिने तसंच वाचलं. त्यात चूक नव्हती, म्हणून पान उलटलं... चार महिन्यांत मी त्या खोलीत किती वेळा गेले असेन? आठ? दहा? आणि दर वेळी दाराशी उभं राहून 'काही हवंय का?' — हॉटेलातल्या नोकरासारखं. सासूबाईही शहाण्या, त्या म्हणायच्या, "काही नको गं, तू जा." तेही मी अक्षरशः वाचलं. त्या गेल्या त्या दुपारी ती 'प'च्या पानांवर होती.

नंतर आठवड्याभराने तिने त्याला चहा दिला आणि तो म्हणाला, "थँक्यू." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं? तो भांडला असता, तोंडावर विचारलं असतं, 'बाई गं, कुठे होतीस तू?' — तर तिच्यापाशी उत्तरं होती, निदान रडता तरी आलं असतं. थँक्यूला काय उत्तर द्यायचं? मग तिनेही थँक्यू म्हणायला सुरुवात केली. हळूहळू घरात सॉरी आलं, 'तुला चालेल ना' आलं, 'त्रास नसेल तर' आलं. एकदाही आवाज चढला नाही, आणि दोन वर्षांनी ताईसमोर वकिलाची गोष्ट निघाली तेव्हा ती काढली कुणी, तेही आता दोघांना आठवत नव्हतं.

वाळू संपून खडक सुरू झाले. काळे, उतरते, मध्ये मध्ये पाण्याची डबकी. तो पुढे, ती मागे. हात कुणी धरला नाही. त्याने दोनदा मागे वळून बघितलं, तिने दोनदा मान हलवली — ठीक आहे, ठीक आहे. 'मला वाटतं, आपण वेगळं झालेलं बरं.' बसतंय. नीट बसतंय. उजवीकडून एक लाट आली, फार मोठी नव्हे, पण नेमकी त्याच्या बुटात शिरली आणि तो भलताच नाच करून एका पायावर उभा राहिला. सॅकने त्याला मागे ओढलं, तो सावरला, आणि हसला. मोठ्याने. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच ते हसू ऐकत होती.

"पूर्वी आम्ही असलं काही झालं ना," तो पुढे चालत, पाठमोराच म्हणाला, "की हसून हसून तिथेच बसायचो. पुढे जाताच यायचं नाही."

"हं," ती म्हणाली.

एक पाऊल, दोन पावलं, तीन... आणि ती थांबली.

आम्ही?

जो त्यात आहे त्याला 'आपण' म्हणतात. जो त्यात नाही त्याला 'आम्ही'. तीन वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही. 'आम्ही जाणार, तू नाही' हे त्याला बरोबर सांगता येतं. म्हणजे कोण? कुणाबरोबर हसून हसून बसायचा हा? कुठल्या खडकांवर, कुठल्या सालात? क्षणभर — खोटं कशाला बोलायचं — तिला बरंच वाटलं. दुसरी कुणी असेल तर सगळं किती सोपं होईल. ताईसुद्धा मग काही बोलू शकणार नाही.

"आम्ही म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"काय?"

"आत्ता म्हणालास ना, आम्ही हसून बसायचो. कोण कोण?"

तो वळला. "कोण कोण काय? तू आणि मी."

"मग आम्ही कसं?"

"आता इथेही चुका काढणार का?" तो चिडला नव्हता. मग त्याचं त्यालाच काहीतरी खटकलं असावं, कारण त्याचे ओठ हलले. आपलंच वाक्य तो पुन्हा म्हणून बघत होता. "हो गं," तो हळूच म्हणाला. "आम्हीच म्हणालो."

आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही. सॅकचे पट्टे ओढून घेतले आणि पुढे चालायला लागला. ती तिथेच उभी. बारा दिवसांच्या चालण्यात, दोन वर्षांच्या जपून बोलण्यात, सोळा वर्षांच्या नोकरीत तिला सापडलेली ही पहिली चूक, जी बदलून चालणार नव्हती. ती बरोबरच होती. दोघं होती तिथे — एक तो, आणि एक ती, हसताना खाली बसणारी. आणि त्यांची गोष्ट तो तिसऱ्याच कुणाला तरी सांगत होता. ती तिसरी मी... तो आईबद्दलही असाच बोलतो हल्ली. मायेने, आणि समोरच्याने तिला पाहिलेलंच नाही असं धरून.

तिला राग आला. चांगला सणसणीत राग, दोन वर्षांत आला नव्हता असा. कोण ही बाई? काय एवढं होतं तिच्यात? कामाचे कागद तिच्याही टेबलावर असायचे, तरी तिला म्हणे हसून पुढे चालता येत नव्हतं! चाळिशी उलटल्यावर माणसाला स्वतःचीच सवत व्हावी, आणि तीही असल्या घसरड्या जागी, जिथे धड पाय आपटायचीही सोय नाही. तिला जळफळाट आवरेना. तिने घाईघाईने आपलं वाक्य म्हणून पाहिलं — मला वाटतं, आपण... आणि ते तिथेच अडलं. वेगळं व्हायला आधी 'आपण' लागतं. ते कुठून आणायचं? इतके दिवस घासूनपुसून ठेवलेलं वाक्य, आणि त्यातला मधलाच शब्द तिचा नव्हता.

खडकाचं टोक वळलं तशी पलीकडची वाळू दिसली. एवढीशी. दोन उपड्या घातलेल्या होड्या, एक झोपलेलं कुत्रं, माणूस नाही. याच्यासाठी इतकं चाललो?

"पोचलोच," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. त्यालाही भीती वाटत होती हे तिला एकदम कळलं, आणि त्याचंही एक तयार वाक्य असणार हेही. "मग... बसायचं ना तिथे?"

"थांब जरा."

"पाय दुखतोय?"

"नाही. अजून काय करायचे ते?"

"कोण ते?"

"ती दोघं. हसून बसणारी."

त्याने पाण्याकडे बघितलं. "पाणी चढतंय."

"चढू दे. सांग."

त्याने सॅक उतरवली, कोरडी जागा शोधली, कण्हत बसला. मग म्हणाला, "एकदा त्यांनी चुकीची बस पकडली. दोघांनाही कळलं होतं, पण आधी कबूल कोण करणार? म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे काहीच नव्हतं, एक नळ तेवढा. ती म्हणाली, आलोच आहोत तर पाणी पिऊन जाऊ..."

पण कबूल केलं होतं, तिला वाटलं. मीच केलं होतं, अर्ध्या वाटेत, आणि तो नळ नव्हता, हापसा होता. जिभेच्या टोकाशी आलेलं ते तिने गिळलं. ती त्याच्यासमोर, ओल्या खडकावर, सॅकसकट टेकली. मध्येच बोललं तर तो थांबेल, सॉरी म्हणेल.

तो सांगत होता. तिच्या टाचांना पाणी लागलं तरी ती हलली नाही. तिला ती दोघं आवडायला लागली होती. त्यांचं सगळं बरं व्हावं असं तिला फार, फार वाटत होतं. आणि भीतीही वाटत होती, कारण त्यांचं पुढे काय झालं ते सांगणाऱ्याला ठाऊक होतं, आणि गोष्ट आता चांगलीच पुढे आली होती.