नऊ दिवसांचं पाणी

"थांब. इथे घसरलास तू," कुसुमताई म्हणाल्या. "पुन्हा सांग. अंगठी कुणाची चोरलीस?"

गौतमनं मान खाली घातली. "सांगितलं की अक्का. घरातली एक अंगठी होती..."

"अंगठी काय झाडाला लागली होती? बोट कुणाचं?"

"वहिनीचं." तो जरा थांबला. "ज्योतीवहिनीचं. बाळंतपणात बोटं सुजली म्हणून काढून ठेवली होती तिनं. ती न्हाणीत गेली न् मी उचलली."

"हं. आता सांगितलंस."

गौतमच्या कपाळावर घाम आला होता. तो पूर्वी ऑटो चालवायचा आणि ब्राउन शुगर ओढायचा. ती सुटून अडीच वर्षं झाली होती आणि पुढच्या सोमवारपासून तो सोबती होणार होता. कोठी भागातल्या पुस्तकबाजारामागे, एका जिन्यावरच्या तीन खोल्यांत हे केंद्र होतं. डॉक्टर सकाळी तासभर येऊन गोळ्या देऊन जायचे. बाकी सगळं काम सोबत्यांचं. स्वतः त्या खड्ड्यातून वर आलेला माणूस नव्या माणसाजवळ बसायचा, त्याचं ओकणं काढायचा, शिव्या खायचा. असे पाच सोबती होते आणि त्यांच्यावर कुसुमताई. गुलबर्ग्याकडच्या कानडी सोबत्यानं त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

नियम कुसुमताईंनीच घातला होता. नव्या माणसाला काही विचारायच्या आधी सोबत्यानं आपलं सांगायचं. आणि सांगायचं ते नाव घेऊन. "एक बाई", "एक माणूस" चालणार नाही. "नाव गाळलं की गोष्ट होते रे," त्या म्हणायच्या, "आणि गोष्ट सांगून कुणाचं व्यसन सुटत नाही."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गेल्या आठ वर्षांत कुसुमताईंनी आपलं दोन-तीनशे वेळा तरी सांगितलं असेल. त्या नर्स होत्या, पेशंट उचलताना पाठ धरली, अँपूलमध्ये उरलेलं, दुखण्यावरचं पेथिडीन एकदा स्वतःला टोचून घेतलं आणि मग उरलेलं पुरेना. इथवर सगळं खरं. मग यायचं, "एका पेशंटचं इंजेक्शन मी घेतलं आणि त्याला नुसतं पाणी टोचलं." ऐकणारे चुकचुकायचे. त्या एका पेशंटचं नाव कुणी विचारलं नव्हतं. अक्कांना कोण विचारणार?

दारात चपला वाजल्या. पन्नाशीची एक बाई, इस्त्रीचं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. मागे भिंतीला धरत, एक पाय ओढत येणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. बाईनं कुसुमताईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"सिस्टर! तुम्हीच ना? मला वाटलंच. चिक्कडपल्लीच्या भामाबाई म्हणाल्या, कोठीत कुणी कुसुमताई आहेत, पूर्वी नर्स होत्या. मी म्हटलं, आपल्या सिस्टरच असणार. ओळखलंत का? मी सुशीला. नामदेवराव, जामबागच्या शाळेतले ड्रिल मास्तर. पाय काढला होता त्यांचा. सत्त्याऐंशी साली. पुढे दोन वर्षांनी गेले ते."

कुसुमताईंच्या पायाखालची जमीन सरकली. "बसा," त्या म्हणाल्या. गौतमनं पाण्याचा पेला आणला.

"हा आमचा हर्षवर्धन," सुशीलाबाई सांगू लागल्या. "केबलवाल्याकडे कामाला होता. घरोघरच्या गच्च्यांवरून वायरी ओढायच्या. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरून पडला, खुबा मोडला. डॉक्टरांनी दुखण्याची इंजेक्शनं दिली. हाड जुळलं हो, पण इंजेक्शन सुटेना. आता स्वतःच टोचून घेतो. मांडीला गाठ झालीय, तुम्ही बघाच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पाय जाईल, नाहीतर हा जाईल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बापावर गेलाय, दुसरं काय. दुखणं सोसायची ताकदच नाही."

हर्षवर्धन खिडकीबाहेर बघत होता. हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं असावं की त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"ह्यांच्यात पण नव्हती," सुशीलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुम्ही तर होतातच. शाळेत पोरांना सांगायचे, पडलं तरी रडायचं नाही. आणि ड्रेसिंगच्या वेळी सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. सुई दिलेली असायची तरी! लाज वाटायची मला. पण सिस्टर, तुमचे उपकार विसरणार नाही. ड्रेसिंग झालं की त्यांचा हात धरून बसायचात. कोण बसतं हो असं?"

हात धरून कुसुमताई बसायच्या, कारण त्या वेळी त्यांना उभं राहवत नसे. साडेतीनला नामदेवरावांची सुई यायची. ती कुसुमताईंच्या दंडात जायची आणि नामदेवरावांना पाणी. चारला डॉक्टर पडद्यामागे पट्टी सोडायचे. मांसाला चिकटलेली पट्टीची जाळी निघायला लागली की त्या ट्रे धुवायच्या निमित्तानं मोरीत जायच्या आणि नळ पूर्ण सोडायच्या. नळाच्या आवाजात ओरडणं बुडायचं. मग अंगात ऊब पसरलेली असताना खाटेजवळ यायचं आणि त्यांचा ओला हात हातात घ्यायचा. त्यालाच ही बाई नऊ वर्षं उपकार म्हणत होती.

"मला नाही राहायचं इथे," हर्षवर्धन म्हणाला. "नर्स आहेत ह्या. बुकात वाचलेलं सांगतील. ह्यांना काय माहीत, रात्री हाडं कशी फुटतात ते?"

"ओ भाई, नक्को असं बोलू," गौतम म्हणाला. "अक्का पण आपल्यातल्याच. पूरा भोगलंय त्यांनी. सांगा ना अक्का, तुमचं सांगा."

सुशीलाबाई गोंधळून बघू लागल्या. कुसुमताईंनी सांगायला सुरुवात केली. जिभेवर बसलेलं होतं, आपोआप येत गेलं. पाठ, अँपूल, पेथिडीन. "मग एका पेशंटचं इंजेक्शन मी घेतलं आणि त्याला नुसतं पाणी टोचलं. नंतर ते उघडकीला आलं आणि मला नोकरीवरून काढलं."

हर्षवर्धननं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अगं बाई," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांना धक्का बसला होता, पण त्यांनी हात पुढे करून कुसुमताईंच्या गुडघ्यावर ठेवला. "झालं गेलं, सिस्टर. देव माफ करतो. त्या पेशंटला काही कळलंही नसेल बिचाऱ्याला."

या हाताखाली गप्प बसता आलं असतं. खोटं कोण म्हणणार होतं? पोरगा ऐकू लागला होता. खरं सांगितलं, तर ही बाई त्याला उचलून घेऊन जाईल आणि तो महिन्याभरात मरेल. म्हणजे बापापाठोपाठ लेकही आपल्याच नावावर. गप्प बसण्यात त्याचं भलंच आहे, असं कुसुमताईंनी स्वतःला सांगितलं. आणि हे सांगताना त्यांना आपला तो जुना आवाज ओळखू आला. "एवढ्यानं काय मरत नाहीत," असं मोरीत उभं राहून म्हणणारा.

"अक्का," गौतम सहज म्हणाला. मघाच्या बोलण्याचा सल त्याच्या मनात नव्हता, उलट धडा बरोबर पाठ झालाय हे दाखवायची हौस होती. "पेशंटचं नाव राहिलं."

कुसुमताईंनी सुशीलाबाईंचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवला.

"नामदेवराव," त्या म्हणाल्या.

खाली पुस्तकवाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, ते तेवढं ऐकू येत होतं.

"आमचे?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

"नऊच्या नऊ? एक दिवस पण..."

"नाही. एक दिवस पण नाही. त्यांना दुखण्यावर काहीच मिळालं नव्हतं. नुसतं पाणी होतं ते, सुशीलाबाई. कुणीही ओरडलं असतं. बाकीच्यांनी तर दुसऱ्या दिवशीच हात टेकले असते."

सुशीलाबाईंच्या तोंडावरचा रंग गेला. त्या कुसुमताईंकडे बघतच नव्हत्या.

"चौथ्या दिवशी," त्या हळू म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, काय बायकांसारखं ओरडता, शेजारच्या खाटेवरचे हसतायत. सुई देऊनसुद्धा? तर म्हणाले, सुशीला, खरंच फार दुखतं गं. मी म्हटलं, पुरे झालं नाटक. मग पाचव्या दिवसापासून ओरडले नाहीत. टॉवेल चावायचे." त्यांनी श्वास घेतला. "घरी आले, पण चार माणसांत बसले नाहीत कधी. शाळेतले लोक भेटायला आले की झोपेचं सोंग घ्यायचे. दोन वर्षं. मी पण म्हणायची, लाज वाटते ना, बरोबर आहे."

कुसुमताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाया पडावं तर तेही स्वतःचंच ओझं उतरवणं झालं असतं. त्या बसून राहिल्या.

"हर्षा, ऊठ," सुशीलाबाई म्हणाल्या आणि स्वतः उभ्या राहिल्या.

हर्षवर्धन उठला नाही. "पाच दिवस टॉवेलवर?" त्यानं कुसुमताईंना विचारलं. "जाळी ओढताना?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी नळ सोडून ठेवायची. ऐकू येऊ नये म्हणून."

त्यानं मान हलवली. मग आईकडे न बघता म्हणाला, "मी राहतो."

शेवटी सुशीलाबाईंनी कापडी पिशवी गौतमच्या हातात दिली. "कपडे आहेत याचे. तू बघ याच्याकडे." आणि कुसुमताईंना म्हणाल्या, "तुम्ही याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," कुसुमताई म्हणाल्या. सिस्टर हा शब्द सुशीलाबाईंच्या तोंडून त्यानंतर आला नाही. पाण्याचा पेला होता तसाच भरलेला राहिला.

सुई सोडल्यावरचा चौथा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. डॉक्टर गोळ्या देऊन गेले होते, पण गोळ्यांनी सगळं भागत नाही. दुपारी सुशीलाबाई डबा घेऊन आल्या आणि बोळातल्या बाकाच्या एका टोकाला बसल्या. दुसऱ्या टोकाला कुसुमताई होत्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. त्या दिवशी महापालिकेचं पाणी आलं होतं. एक दिवसाआड, तेही तासभर. कोपऱ्यात नळाखाली पिंप लावलेलं होतं आणि धार पूर्ण सोडलेली.

आतून काहीच आवाज येत नव्हता. एरवी या दिवशी शिव्या ऐकू येतात, भांडी फेकली जातात. गौतम बाहेर आला तो रडवेला होऊन.

"अक्का, हा पोरगा पूरा थरथरतोय. पोटात पाय घेऊन पडलाय. मी बोललो, ओरड ना भाई, इथे कुणी काही बोलत नाही. तर चादर चावतोय. बोलतो, मी बापावर गेलोय, मी नाही ओरडणार."

कुसुमताई अर्ध्या उठल्या आणि मग आठवून खाली बसल्या. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

सुशीलाबाई उठल्या. डबा बाकावर ठेवून दारापर्यंत गेल्या, पण आत गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"हर्षा," त्या म्हणाल्या. "ओरड रे. ओरड बाळा. कुणी हसत नाही इथे." त्यांनी कपाळ चौकटीला टेकलं. "त्यांना मी ओरडू दिलं नाही रे."

थोडा वेळ नळाचाच आवाज येत राहिला. मग आतून ओरडणं आलं. आधी दबलेलं, मग मोकळं, आवाज थेट बापाचा. नऊ वर्षांपूर्वी पडद्यामागून यायचा तसाच.

कुसुमताई उठल्या. पिंप अजून अर्धंही भरलं नव्हतं आणि पाणी जायला पाऊण तास होता. त्या नळापाशी गेल्या, तो घट्ट बंद केला आणि तिथेच उभं राहून ऐकत राहिल्या.