अकरावी खोली

"एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा... नीज गं बाई नीज... आठ, चार, दोन, एक."

आईचा हा आवाज हर्षिताच्या कानांत पाळण्यापासूनचा. दुसऱ्यांच्या अंगाईत चांदोबा यायचा, हिच्या अंगाईत आकडे. पुढे कॉलेजात तिला कळलं, जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आठ-आठ चौकोनांचं चित्र काढायला हेच आकडे लागतात. तेव्हा तिच्या पोटात जो निखारा पडला, तो अजून विझला नव्हता. मामांच्या नावावर गाजलेला 'घागर' हा कॉम्प्युटरवरचा खेळ मामांचा नव्हता, आईचा होता. कॉम्प्युटर हणमंतमामांनी आणलेला, मासिकाच्या स्पर्धेच्या अर्जावर सहीही त्यांची. बक्षीसही त्यांनाच मिळालं. आईला कितीदा विचारलं, तरी उत्तर एकच, "जाऊ दे गं."

आता मामांचा मुलगा रणजीत इंदिरानगरच्या आपल्या ऑफिसात तोच खेळ नव्याने उभा करत होता. तसेच ढोबळ रंग, तशीच टुकटुक. मूळ खेळ साठवलेल्या जुन्या कॅसेटमधले आकडे हर्षितानेच जसेच्या तसे त्यात ओतले होते. आज संध्याकाळी खेळ बाहेर पडणार, आणि पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं, 'मूळ निर्मिती: हणमंतराव'.

खेळाच्या जाहिरातीच्या व्हिडिओसाठी मल्लेश्वरमहून मामा आले होते, बनशंकरीहून आई.

"एकट्यानं केला बघ सगळा," मामा कॅमेऱ्याला सांगत होते. हर्षिताने ओठ असा चावला की रक्ताची चव आली.

"आप्पा, ती अकरावी खोली तेवढी सुटत नाही," रणजीत म्हणाला. "घागर नळाखाली ठेवतो, पण पाणी येत नाही. पाणी नाही तर घागर तरंगत नाही, वरचं दार गाठता येत नाही. ऑफिसातली पोरं आठवडाभर डोकं आपटतायत."

"ती तेव्हाच चुकली होती. काढून टाक."

"असं कसं मामा?" हर्षिता ताडकन उठली. "खोली तुम्ही केलीत, मग किल्ली तुमच्याच खिशात असेल की! दाखवा सोडवून!"

"हर्षी, स्वल्प तोंड आवर," मामा म्हणाले.

"का आवरू?"

मामा हिरमुसून बसले आणि कीबोर्डच्या कळा बडवू लागले. पडद्यावरची चौकोनी बाई उड्या मारमारून दमली. नळ कोरडाच.

"सरक अण्णा," हर्षिताची आई, सकवारबाई, म्हणाल्या. त्यांनी त्या बाईला नळाशी नेलं, घागर खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले.

"आत्या, दाब ना काहीतरी!"

"गप रे. कळ दाबली की नंबर गेला, परत रांगेच्या शेवटी. दिवसाआड पाणी यायचं आपल्याकडे, तासतास उभं राहायचो आम्ही. तुझा बाप आला होता का कधी घागर घेऊन?"

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मामा खुर्चीत चुळबुळत होते. मग नळातून एक निळा चौकोन ठिबकला, त्यामागे दुसरा, मग धार लागली. घागर तरंगली, बाई तिच्यावर चढली, दार उघडलं.

ऑफिसातली पोरं ओरडली. हर्षिताने पहिला पडदा उघडला आणि मामांच्या नावावर बोट ठेवलं. "हे खोडते मी."

"राहू दे आता," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांना माझंच नाव ठाऊक आहे. सकवारची कधी तक्रार होती का? विचार तिलाच."

सगळे सकवारबाईंकडे वळले. आता ते 'जाऊ दे गं' येणार, आणि आलं तर आपण ही खुर्ची उचलून भिंतीवर घालू, असं हर्षिताला वाटलं.

सकवारबाई उभ्या राहिल्या. "तक्रार होती, अण्णा. बक्षिसाचे पेढे तू माझ्याच हातानं गल्लीभर वाटायला लावलेस. दारादारात लोक म्हणत होते, 'भाऊ हुशार हं तुमचा.' तो डबा तुझ्या अंगावर फेकावासा वाटला होता मला. तो राग आजही आहे, जेवताना येतो, निजताना येतो. खेळ माझा आहे. माझं नाव घाल."