शेंडीचा नारळ

"नो, नो, नो! हेअर! लीव्ह द हेअर!" विनिता ओरडली, पण तोवर उशीर झाला होता.

ज्वालामुखीच्या बेटावरच्या हिलो गावच्या बाजारातल्या त्या फिलिपिनो आजीबाईंनी मोठ्या प्रेमानं, कोयत्याच्या धारेनं नारळ असा काही तासून दिला होता की विचारू नका. एकही धागा शिल्लक नाही. बोटं फिरवावीत तर सरळ घसरावीत. आजीबाई शाबासकीसाठी दोघींकडे बघत होत्या, आणि पद्मिनीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, कारण हसू आवरत नव्हतं.

"ताई, दात काढू नकोस! टकला नारळ कधी देवीला देतात का? शेंडी नको?"

"त्यांना काय ठाऊक बिचाऱ्यांना? तू आधी सांगायला हवं होतंस."

"शेंडीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, सांग ना मग!"

शेवटी पद्मिनीच पुढे झाली. तिनं ढिगातला दुसरा नारळ उचलला, त्याच्या डोक्यावर मूठ घट्ट आवळून धरली आणि आजीबाईंना म्हणाली, "दिस, नो कट." मग स्वतःचा अंबाडा दाखवून म्हणाली, "सेम लाइक मी." आजीबाई खदखदून हसल्या आणि पुढच्या दोन मिनिटांत खाशी झुपकेदार शेंडीचा नारळ तयार झाला. टकला नारळ दोघींनी भाड्याच्या गाडीच्या बंपरवर फोडला आणि तिथंच पार्किंगमध्ये उभ्याउभ्या खाल्ला.

या नारळापायी त्यांनी दोन बेटं पालथी घातली होती, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. आधीच्या, माउई बेटावरच्या हॉटेलाबाहेर माडांची अख्खी रांग होती आणि एकाही माडाला फळ नव्हतं. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून आम्ही आधीच उतरवतो, असं तिथल्या माळ्यानं सांगितलं. सुपरमार्केटमध्ये होता तो खोबऱ्याचा गोड किस, पिशवीतला. "उसाच्या मळ्यात गुळाचा खडा मिळू नये, तशातली गत," असं म्हणत विनिता तिथून तणतणत बाहेर पडली होती.

आणि हे सगळं कशासाठी, तर विनिताच्या मुलीनं, दीपानं, दिलेल्या गाइडबुकात लिहिलं होतं की इथले लोक ज्वालामुखीला देवीचं घर मानतात आणि तिथला खडासुद्धा कुणी उचलून नेऊ नये. विनितानं तेवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. देवीचं घर म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं? फ्रीमाँटच्या घरून निघतानाच तिनं बॅगेत हिरवा खण टाकला, हळकुंड आणि सुपारी टाकली, हळदीकुंकवाची दुहेरी डबी टाकली. राहिला होता नारळ आणि मूठभर तांदूळ. तांदूळ काल हिलोच्या दुकानात मिळाले.

विनिता ही पद्मिनीची धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. सहल विनिताच्या मुलांनी ठरवली होती. धाकटा राजीवही कॉलेजला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा दीपानंच फोनवरून दम भरला. "मम, मावशीने कधीच व्हेकेशन घेतली नाहीये. नॉट वन्स! तुम्ही दोघी जा. जस्ट गो." त्यावर शैलेंद्रनं, म्हणजे विनिताच्या नवऱ्यानं, मुकाट्यानं तिकिटं काढून आणली. तो माणूस तसा कमीच बोलायचा.

दीपा म्हणाली ते खरंच होतं. पद्मिनी एकोणीसशे एकाहत्तरमध्ये अमेरिकेत आली तेव्हा राजीव पाळण्यात होता आणि दीपा तीन वर्षांची. त्याआधी पद्मिनी मिरजेला, भावाच्या घरी होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सकाळी गल्लीतली बालवाडी चालवायची आणि उरलेला दिवस भावाचं स्वयंपाकघर. विनितानं खटपट करून तिला बोलावून घेतलं आणि मग विनिताचं स्वयंपाकघर तिचं झालं. विनिता बँकेत नोकरीला लागली. मुलं मावशीच्या हातचा वरणभात खाऊन मोठी झाली. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. दर संक्रांतीला विनिता हळदीकुंकू करायची, तेव्हा तिळगूळ पद्मिनीच्या हातचा असायचा, पण ती मात्र आत कॉफीच्या पातेल्याशी. विनिता दारातून एकदा म्हणायची, "ताई, ये ना गं बाहेर." थोड्या वेळानं आणखी एकदा म्हणायची. तिसऱ्यांदा मात्र म्हणायची नाही. पद्मिनीही जायची नाही. उगाच कुणाला अवघडायला नको.

आता तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक किल्ली होती आणि त्या किल्लीचा कुणालाच पत्ता नव्हता.

घरापासून गाडीनं अर्ध्या तासावरच्या सनीव्हेलला नागपूरच्या सुलेखानं छोट्या मुलांसाठी डे-केअर काढलं होतं आणि तिला कायमचं माणूस हवं होतं. गॅरेजवर एक खोली होती, वेगळ्या जिन्याची. देवळात गाठ पडली तेव्हा सुलेखानं सहज विचारलं आणि पद्मिनीनं, विचार करून सांगते वगैरे काही न म्हणता, "हो" म्हणून टाकलं. आपल्या तोंडून हो गेलं याचंच तिला दिवसभर नवल वाटत होतं. एक सप्टेंबरपासून जायचं होतं. विनिताला मात्र अजून सांगितलं नव्हतं.

माउईला सांगायचं ठरवलं होतं. तिथल्या डोंगरावर, लाल मातीच्या त्या घसरड्या वाटेवर, दोघी एकमेकींचा हात धरून उतरत होत्या. विनिताचा पाय सटकला, ती बसल्याबसल्या दहा फूट खाली गेली आणि तशीच मातीत बसून पोट धरून हसत सुटली. मिरज सोडल्यानंतर ती इतकी हसलेली पद्मिनीनं पाहिलीच नव्हती. मग कसं सांगणार? वर विनिताचे बेत चालूच होते. "राजीवच्या खोलीत आपण टीव्ही ठेवू. मी हाफ-डे घेत जाईन. दुपारी तू आणि मी, पत्ते! धमाल करू, ताई." पद्मिनीनं ओठांवर आलेलं परत गिळलं होतं.

पण आज शेवटचा दिवस. उद्या विमान होतं.

गाडी ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर लावून त्या निघाल्या. विनिता स्लॅक्समध्ये, पाठीवर सॅक, सॅकमध्ये दशम्या, चटणी आणि देवीचा नारळ. पद्मिनी नेहमीच्या पाचवारीत, पदर खोचलेला, पायात दीपाचे जुने स्नीकर्स. सुरुवातीला दाट झाडी होती, माणसाहून उंच नेचे, ओली वाट. मग झाडी एकदम संपली आणि खाली तो सगळा काळा तळ दिसला. मैलभर लांब, सपाट, भेगाळलेला. मधूनमधून भेगांतून पांढरी वाफ येत होती आणि त्या वाफेतून माणसं आरामात चालत होती.

वाटेवर पाटी होती. विनितानं ती मोठ्यानं वाचली. "एकोणीसशे एकोणसाठ साली इथे लाव्हाचं तळं होतं... आगीची कारंजी... अय्या ताई, एकोणसाठ म्हणजे..." आणि तिनं जीभ चावली.

"हो, त्याच साली ते गेले," पद्मिनी म्हणाली. "चल, बघू किती थंड झालंय."

दोघी तळावर उतरल्या. पायाखाली खडक कुरकुरत होता. वाट चुकू नये म्हणून जागोजागी दगडांचे छोटे ढीग रचलेले होते. भेगांतून हातभर झाडं वर आली होती आणि त्यांना लालचुटूक, केसाळ फुलं होती. पद्मिनी प्रत्येक झाडापाशी थांबत होती. इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं. कुणाच्या जेवणाची वेळ नाही, कुणाचा डबा नाही. तेवढ्या धिटाईतच ती बोलून गेली.

"विनू, मी सुलेखाकडे जातेय."

"शनिवारी नको हं. शनिवारी आपल्याकडे सरलाताई येतायत."

"तशी नाही गं. राहायला."

विनिता थांबली. पद्मिनीनं सगळं सांगितलं, डे-केअर, खोली, जिना. शेवटी पर्समधून किल्लीही काढून दाखवली.

"आमचं काही चुकलं?" विनितानं विचारलं.

"नाही."

"शैलेंद्र काही बोलला?"

"तो कधी बोलतो का काही?"

"मग का? तुला काय कमी आहे आपल्याकडे? आणि लोक काय म्हणतील? मुलं वाढवून घेतली आणि आता दिली बहिणीला वाटेला लावून!"

"लोकांना सांग, ताईला जॉब लागला."

"जॉब! या वयात लोकांच्या पोरांची नाकं पुसणार तू?"

"पुसणार. तुझ्या पोरांचीही मीच पुसली."

हे बोलायला नको होतं. विनिताचा चेहरा पडला आणि ती गर्रकन वळून तरातरा चालू लागली. इतक्या रागात की दगडांचा ढीग सोडून भलतीकडेच निघाली.

"विनू! डावीकडे! ढीग डावीकडे आहे!"

विनितानं मागे वळून पाहिलं नाही, पण मुकाट्यानं डावीकडे वळली. एवढ्या दुःखातही पद्मिनीला हसू आलं. लहानपणी रुसून निघायची तेव्हाही ही बया असंच करायची. रस्ता ओलांडायला ताईचा हात पकडायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा रुसायची.

पद्मिनी मागून चालत राहिली. काय अडलं होतं आपलं, असं तिनं स्वतःला विचारलं. रांधायचं, खायचं, भजनाला जायचं, चाललं होतं की बरं. हिचं मन मोडून मिळालेल्या खोलीत झोप तरी लागेल का? एकदा वाटलं, हाक मारावी आणि म्हणावं, नाही गं जात. हाक अगदी ओठांवर आली होती. ती तिनं मारली नाही.

एका रुंद भेगेपाशी विनिता दगडावर बसलेली दिसली. समोर वाफ येत होती. नाक लाल, डोळे लाल. पद्मिनी शेजारी टेकली आणि तिनं वाफेवर हात धरले. छान ऊब होती.

वाफेकडे बघतच विनिता म्हणाली, "हिंगाचा डबा कुठे असतो गं?"

"काय?"

"आपल्या घरात. मघापासून आठवतेय. सतरा वर्षं राहतेय मी त्या घरात आणि मला हिंग कुठे असतो ते माहीत नाही, ताई." तिला रडू फुटलं. "मी तुला बोलावलं ते तुझं काहीतरी बरं व्हावं म्हणून. देवाशप्पथ. आणि मग मी... तू होतीस ना, मग मी बघितलंच नाही."

"अगं वेडे, तू बोलावलंस म्हणून मी इथवर आले. नाहीतर अजून दादाच्या चुलीपुढे असते. तुझ्या घरी मी सुखात होते, विनू. तुझी पोरं ती माझीच. पण सकाळी उठावं, आपल्या दाराला आपण कुलूप लावावं आणि कामाला जावं, एवढं एकदा मला करून बघायचंय. बस्स."

विनितानं बाहीनं नाक पुसलं. "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला."

"आणि जिन्याला कठडा आहे ना? पावसात घसरशील."

"आहे गं बाई."

विनिता उठली. सॅक उघडून तिनं नारळ काढला, खण काढला, तांदळाची पुडी काढली.

"हं, भर देवीची ओटी," पद्मिनी सरकून जागा करत म्हणाली.

"देवी थांबेल. तू ऊठ आणि पदर पसर."

"मी?" पद्मिनी दचकलीच. "भलतंच काय! माझी कुठं ओटी..."

"लेक घराबाहेर पडते तेव्हा ओटी भरूनच पाठवतात. आई असती तर तिनं भरली असती. पसर पदर."

"विनू, खण ठीक आहे. कुंकू नको हं."

"मी रिकाम्या कपाळानं पाठवणार नाही," विनिता म्हणाली. तिनं आधी हळद लावली, मग कुंकू. पद्मिनीनं डोळे मिटले. एकोणसाठ सालापासून त्या कपाळाला कुणी असा हात लावला नव्हता. मग तिनं दोन्ही हातांनी पदर पुढे धरला. विनितानं खण ठेवला, नारळ ठेवला, शेंडी तिच्याकडे करून. हळकुंड, सुपारी, आणि ओंजळीनं तांदूळ. बाजूनं जाणारं एक अमेरिकन जोडपं आपसूक थांबलं आणि टोपी काढून उभं राहिलं.

ओटीतले चार दाणे उचलून पद्मिनीनं बहिणीपुढे धरले. "घरच्या डब्यात टाक. घर भरलेलं राहू दे." विनिताला घ्यायला पदर नव्हता. तिनं ते टिश्यूत गुंडाळून स्लॅक्सच्या खिशात ठेवले आणि खिशाचं बटण लावलं. उरलेली हळदीकुंकवाची चिमूट दोघींनी वाटेवरच्या दगडांच्या ढिगाला वाहिली. देवीला आज तेवढंच.

मग पलीकडचा चढ. चांगला उभा, वळणावळणाचा.

"दे ते सॅकमध्ये," विनिता म्हणाली. "हात मोकळे राहतील."

"राहू दे."

"अगं, नारळाचं ओझं..."

"राहू दे म्हटलं ना."

पद्मिनी पुढे, पदर पोटाशी धरून. विनिता मागे, स्वतःची सॅक आणि ताईची पर्स सांभाळत, धापा टाकत.

"हिंग," पद्मिनी म्हणाली, "वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या मागे. झाकण घट्ट लाव, नाहीतर सगळ्याला वास लागतो."

"साबुदाण्याच्या मागे. बरं. आणि गोडा मसाला?"

"फ्रिजरमध्ये, डावीकडे. वाटाण्याच्या पिशवीखाली बघ."

"आणि मेथ्या?"

एकेक वळण मागे पडत गेलं आणि एकेक डबा सांगून होत गेला. झाडी लागली, सावली आली. उतरणाऱ्या लोकांना वाट द्यायला पद्मिनी दोनदा कडेला थांबली. कपाळावरचं कुंकू घामानं थोडं नाकावर ओघळलं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि तिनं तो मोकळा केलाही नाही.