ओळीखाली धरलेली पट्टी

मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. मित्रांनो, माझा पहिला सेंटिमीटर कधीच झिजून गेलाय, त्यामुळं मी आता एकोणतीसचीच. पण लपवायचं काय त्यात?

उचगावात सुलतानबींनी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान काढलं, तेव्हा त्यांच्या सुतार भावानं उरलेल्या सागवानी तुकड्यातून मला घडवलं. कागद सरळ फाडायला मी, मशिनखाली गेलेलं पेन ओढायला मी, उन्हाळ्यात पाठ खाजवायलाही मीच. खरं काम मात्र बारावीनंतर. लोक पोरांचे मार्क घेऊन यायचे आणि पत्रिका दाखवावी तसं म्हणायचे, "चाची, हिचा चान्स बघा की." चाची कॉलेजांच्या मागच्या कटऑफ याद्या काढायच्या, मला ओळीखाली धरायच्या आणि वाचायच्या. "चाचीची पट्टी खोटं बोलत न्हाय," असं लोक म्हणाले की मी फुगायचे. पावसाळ्यात लाकूड तसंही फुगतं म्हणा.

पुढं सगळे मोबाईलवर याद्या बघू लागले. दोन वर्षं मी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली काढली. यंदा बाहेर निघाले ती गगनबावड्याच्या जोतीरामांमुळं. मोबाईलवर त्यांच्या डोळ्यांपुढं ओळी नाचायला लागल्या, म्हणून चाचींनी यादी छापून दिली आणि सोबत मला.

जोतीरामांचा म्हशींचा गोठा. लेक राजनंदिनी. तिला सरकारी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकायचं होतं. दूध आपलं आणि पनीर दुसऱ्याचं, हे तिला खटकायचं. सीईटीत पर्सेंटाइल पडलं होतं चौऱ्याऐंशी पॉइंट सहा. फॉर्म पाचला बंद होणार होता आणि साडेचार वाजून गेले होते. पहिल्या पसंतीला लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर तेच घ्यावं लागणार. म्हणजे पहिलं नाव जपून लिहायचं.

चाची दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या झेरॉक्स काढत होत्या. जोतीरामांनी मला यादीवर दाबलं आणि वाचलं, "शहाण्णव!"

"अन्नतंत्रज्ञानाला शहाण्णव?" राजनंदिनी म्हणाली. "आबा, एवढी भूक कुणाला लागलीया?"

"हितं लिवलंय न्हवं! न्हाय जमत, नंदे. पैल्या नंबरला आपलं जवळचं कॉलेज टाक."

पोरगी जवळच्या कॉलेजचं नाव भरू लागली. मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते.

चाची झेरॉक्स देऊन वळल्या. यादीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"पावणं, पट्टीनं ओळच झाकलीसा की! तुम्ही खालची वाचताय. शहाण्णव कॉम्प्युटरचं हाय."

त्यांनी मला ओळीखाली सरकवलं. मग आणखी दोन वर्षांच्या याद्या काढल्या. त्र्याऐंशी पॉइंट नऊ, चौऱ्याऐंशी पॉइंट दोन, पंच्याऐंशी पॉइंट एक.

"म्हंजे मिळतंय?" जोतीरामांनी विचारलं.

"दोन वर्षं पोरगी आत, एक वर्ष भाईर. खात्री न्हाय, पण चान्स हाय. हेच पैलं टाका. न्हाय मिळालं तर दुसऱ्या नंबरला जवळचं हायच. मागायला काय जातंय?"

जोतीरामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "टाक पोरी."

फॉर्म गेला तेव्हा पाचाला चार मिनिटं कमी होती.

पहिल्या फेरीत विद्यापीठ हुकलं. त्या दिवशी मी चाचींकडं बघूच शकले नाही. दुसऱ्या फेरीच्या सकाळी फोन वाजला आणि दुकानभर ऐकू गेलं, "चाची! घुसली की वं पोरगी!"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला कधीमधी पुसा, जागेवर ठेवा, एवढंच मागणं. आणि कुणी तुम्हाला "न्हाय जमत" म्हणालं, तर रडण्याआधी तो कुठली ओळ वाचतोय, ते स्वतः वाकून बघा.