मिठात चमकलेले बांगडे

वीज गेली, पंचफुलाने माशांचं भांडं उघडलं आणि आतून निळसर उजेड आला. ती किंचाळली. थोड्याच वेळात तिचा नवरा डोमा ते भांडं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. मागे अर्धी गल्ली.

"सत्यवते, भायेर ये! काय जादू केली वो मासोळ्यांत?"

सत्यवती माझी मावशी. विधवा, एकटी. तुमसरहून बर्फातले बांगडे आणून गावात विकते. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच तिच्याकडे राहायला आले होते. बाईवर जादूचा ठपका बसला की तिच्या हातचं पाणीही कोणी घेत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिने माझं मनगट धरलं होतं.

मी भांड्यात डोकावले. बांगड्यांच्या अंगावर खरंच उजेड होता, थंड, कल्ल्यांपाशी जास्त. क्षणभर मी गर्दी विसरून पाहतच राहिले.

"वहिनी, मीठ लावलं होतं का?" मी डोमामागे उभ्या पंचफुलाला विचारलं.

"लावतोच ना! तलावाची मासोळी बी मीठ लावून रातभर ठेवतो. ते नाही चमकत कधी."

समुद्रात चमकणारे काही जिवाणू असतात, माशाच्या अंगावर बसून येतात. डिसेंबरची थंडी आणि वर मीठ, म्हणजे त्यांना समुद्रच मिळाला. गोड्या पाण्यात मात्र ते फुटून मरतात. हे मी वाचलं होतं, करून पाहिलं नव्हतं.

मी दोन परातींत पाणी घेतलं, एकीत मीठ कालवलं. "साध्या पाण्यात विझेल, खाऱ्यात राहील," असं सांगून दोन्हींत एकेक बांगडा सोडला. विझेना. मावशीची बोटं घट्ट झाली. मग साध्या पाण्यातला उजेड हळूहळू फिका पडला आणि गेला. खाऱ्यातला तसाच राहिला.

"पाहा!" डोमा ओरडला. "हिनं हात लावला अन् इझलं! भाची बी शिकली मावशीपासून!"

गर्दी पुढे सरकली. कोणीतरी मावशीच्या थर्माकोलच्या पेटीला लाथ घातली. चूक माझी होती. हात माझा नको होता.

"डोमाभाऊ, मंग तुमीच करा," मी म्हणाले. "पाणी तुमचं, मीठ तुमचं. आमी इथून हालत नाही."

"मी कायले करू?"

"भेव लागते का गा?" मागून एक बाई म्हणाली. हशा झाला.

पंचफुलाने घरून पाण्याच्या दोन बादल्या आणल्या, एकीत मीठ कालवलं. डोमाने चिमटीत बांगडा उचलला आणि त्याची बोटंच चमकू लागली. त्याने हात झटकला, धोतराला पुसला. आता धोतरही चमकलं. हसणारे मागे सरकले.

"साध्या पाण्यात घाला हात," मी म्हणाले.

त्याने कोपरापर्यंत बुडवला, डोळे मिटून. उघडले तेव्हा हातावरचा उजेड गेला होता. मग स्वतःहूनच त्याने पुन्हा माशाला बोट लावलं, खाऱ्या बादलीत धरलं. उजेड राहिला. साध्यात धरलं. गेला. परत एकदा केलं.

"जादू नोहे," तो पुटपुटला.

मावशीने माझं मनगट सोडलं. "गल्लीभर बोंबलत आला ना रे? आता सांगत बी गल्लीभर जा. मी येऊन राहिली मांगं."

पहिल्या दारापाशी डोमाचा आवाज निघेना. मावशी हलली नाही. दार उघडून माणसं पाहू लागली, तेव्हा कुठे त्याचा आवाज निघाला.