लव्हाळ्याचा कोपरा

"वहिनी, तुमच्या तोंडून एक शब्द बाहेर पडेल तर शपथ," असं म्हणत भाऊजी माझ्याच स्टुलावर बसले. "उद्या गळाची स्पर्धा आहे. बारकी मासळी सध्या तलावात कुठे आहे, एवढंच सांगा. जिथे ती, तिथे मोठा मासा. पुढचं मी बघून घेतो."

मी टाकीतली हवेची नळी सारखी करत राहिले. आमचं दुकान म्हणजे तलावाच्या धक्क्यावरची एक खोली आणि सिमेंटच्या तीन टाक्या. हौशी गळवाले सकाळी येतात, बोटाएवढी जिवंत मासळी बादलीतून नेतात, ती गळाला लावतात आणि मोठे शिकारी मासे धरतात. ती बारकी मासळी जाळ्याने आणायची आणि जिवंत ठेवायची, हा माझ्या नवऱ्याचा धंदा, आणि लग्नानंतर माझाही. एके काळी टाकीचा तळ दिसायचा नाही. आता दोन टाक्यांत आम्ही जुनी जाळी कोंबून ठेवतो.

आणि हे ज्यांच्यामुळे झालं, ते माझे धाकटे दीर माझ्या स्टुलावर बसून पाय हलवत होते.

भाऊजींचा एक गुण मान्य करायला हवा. आपण कुणाचं वाटोळं केलंय हे त्यांना आठवतच नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या दुकानाला चिकटून दुसरं दुकान टाकलं. खालच्या नदीतून टँकरने मासळी आणायची आणि आमच्यापेक्षा स्वस्तात विकायची. ह्यांनी त्यातली थोडी ओंजळीत घेऊन पाहिली आणि म्हणाले, "धाकट्या, यात काही पिल्लं वेगळी आहेत. डोळे बघ किती खाली आहेत. हे कार्पचं बी आहे. वाढलं की आवरायचं नाही. कोरड्यावर ओत सगळं." भाऊजी हसले. म्हणाले, "दादा, धंदा बसायला लागला की माणसाला कुठेही डोळे दिसतात."

गळवाल्यांची एक सवय आहे. संध्याकाळी परतताना बादलीत उरलेली मासळी ते तलावात सोडून देतात. बिचारी जगू देत, म्हणतात, आणि आपण फार दयाळू आहोत अशा चेहऱ्याने घरी जातात. भाऊजींचं बी असं रोज संध्याकाळी, बादली बादली करत, तलावात पडलं.

कार्प कुणाला चावत नाही. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं जे बारीक खाद्य असतं, ज्यावर आमची मासळी जगते, तेच तो दिवसभर तोंड उघडं टाकून गाळून खातो. आम्ही त्यांना घरजावई म्हणायला लागलो. काम नाही, धाम नाही, ताटावरून उठणं नाही. बघता बघता ते हाताएवढे झाले, मग मांडीएवढे. आमची मासळी आधी रोडावली, मग दिसेनाशी झाली. तिच्यापाठोपाठ मोठे शिकारी मासे गेले. जे उरले त्यांचं नुसतं डोकं मोठं आणि अंगाचं चिपाड. गळवाले एकेक करून दुसऱ्या तलावांकडे वळले. भाऊजींनी लगेच दुकान मोडलं, मोठ्या इंजिनाची बोट घेतली आणि उरलेल्या हौशी मंडळींना तलावात फिरवू लागले. नुकसान झालं की भाऊजी नेहमी दुसऱ्या धंद्यात असतात.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण या जातीला इंजिनाचा आवाज सोसत नाही. मोटरबोट जवळून गेली की झुंडच्या झुंड पाण्याबाहेर उड्या मारते. मागच्या उन्हाळ्यात हे आमच्या छोट्या मोटरच्या होडीतून जाळं ओढायला निघाले होते. एक मासा सरळ ह्यांच्या तोंडावर आदळला. जबडा मोडला. तारेने बांधून सांधला, पण वाकडाच सांधला. तेव्हापासून ह्यांचं बोलणं तुटत तुटत येतं आणि लोकांसमोर तर येतच नाही. हे परत बोटीत बसले नाहीत. मोटर विकली. जाळी मी टाकते, वल्ह्याच्या होडीतून.

त्या वेळी भाऊजी इस्पितळात भेटायला आले होते. खाटेशेजारी उभं राहून, माझ्यादेखत, डॉक्टरांना म्हणाले, "दादा बोट फार जोरात हाकतो हो. मी कितीदा सांगितलं." आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याचं तोंड तारेने बांधलेलं. पुढे तेच वाक्य धक्क्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलं. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. भांडी घासताना, जाळं धुताना मी ते मनात घोळवत आले आणि एक दिवस त्याची व्यवस्थित परतफेड करायची हे ठरवूनच टाकलं. फक्त संधी हवी होती, आणि ती आपल्या पायांनी चालत येऊन स्टुलावर बसली होती.

"लव्हाळ्याचा कोपरा," मी म्हणाले.

भाऊजींचे पाय हलायचे थांबले. "तिकडे तर कोणी फिरकत नाही."

"म्हणून तर आहे तिथे."

"खरं सांगताय?"

"खोटं सांगून मला काय मिळणार? तुमची माणसं खूश झाली तर उद्या माझ्याकडचीही चार मासळी विकली जाईल." मी हात पुसले. "पण हळूहळू गेलात तर काही उपयोग नाही. मासळी बाजूने निसटते. सरळ, पूर्ण जोरात आत घुसायचं. ती घाबरून लव्हाळ्यात अडकते. मग इंजिन बंद करा आणि टाका गळ."

मी इतकं सफाईने खोटं बोलू शकते हे मलाच माहीत नव्हतं. पाणी तापायला लागल्यापासून घरजावयांचं सगळं खानदान त्या उथळ कोपऱ्यात मुक्कामाला होतं. तलावावर हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या वजनाने माझी दोन जाळी तिथे फाटली होती.

"वहिनी, तुम्ही मनाच्या मोठ्या बरं का," भाऊजी उठत म्हणाले. "दुसऱ्या एखादीने जुनं काहीबाही मनात धरलं असतं."

"मनात काय धरायचं," मी म्हणाले.

"आत्ताच एक फेरी मारून येतो. उद्या लोकांना न्यायच्या आधी नजर टाकलेली बरी."

मला हेच हवं होतं. हौशी लोकांशी माझं काही वैर नव्हतं. पण जाता जाता भाऊजींनी आतल्या दाराकडे पाहून उगाच हाक मारली, जशी आपण पाहुण्याला जेवायच्या वेळी मारतो, तो नाही म्हणणार या खात्रीने. "दादा, येतोस का रे? जरा वारं लागेल."

हे आतल्या उंबऱ्यापाशी बसून जाळ्याला गाठी मारत होते. हे उठले. जाळं बाजूला ठेवलं, कोपऱ्यातली एक रिकामी बादली उचलली आणि चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही कुठे निघालात? डॉक्टरांनी बोटीत बसू नका म्हणून सांगितलंय ना?"

"असं कधी म्हणाले डॉक्टर?" भाऊजी म्हणाले. "येऊ द्या की त्याला. वर्षभर घरात बसून कुजलाय बिचारा."

खरं सांगून टाकायचं तर एका वाक्याचं काम होतं. भाऊजी, मी खोटं बोलले, तिकडे जाऊ नका. ते वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. एवढे दिवस सांभाळलेला राग असा दारातच सोडून द्यायला माझं मन तयार होईना. धक्क्यापर्यंत पोचेपर्यंत काहीतरी निमित्त काढून ह्यांना मागे ओढीन, असं मी स्वतःला समजावलं आणि मागोमाग निघाले.

धक्क्यावर मी ह्यांची बाही घट्ट धरली. "माझं ऐका. आज नको," मी खालच्या आवाजात म्हणाले. ह्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, जाळ्यात अडकलेलं पिल्लू सोडवतात तशी, न दुखवता. मग बोटीत उतरले आणि बाकावर न बसता मागच्या बाजूला तळाशीच बसले, बादली मांडीवर घेऊन.

"अरे दादा, वर बस की," भाऊजी म्हणाले. ह्यांनी मान हलवली. इंजिन सुरू झालं.

मी काठाकाठाने धावत सुटले. लव्हाळ्याचा कोपरा पायवाटेने गेलं तर जवळ पडतो, बोटीला मात्र वळसा आहे. लग्नानंतर मी अशी कधी धावले नसेन. ज्या माशांना मी वर्षभर शिव्या घातल्या त्यांचीच मनातल्या मनात विनवणी करत होते. आज पाण्यात राहा, आज एवढा दिवस सोडा, मी पुन्हा कुणाचं नाव घेणार नाही. धाप लागली, पदर काट्यांत अडकून टरकला, आणि मी कोपऱ्यापाशी पोचले तेव्हा बोट समोरून येताना दिसली.

कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन बोट हळू झाली. भाऊजी स्टीअरिंगपाशी उभे राहून लव्हाळ्याकडे बघत होते, काहीसे साशंक. मला वाटलं, सुटलो. मी हात वर करून ओरडणार तेवढ्यात बोटीच्या तळातून ह्यांचा हात वर आला आणि पुढे हलला. चल. जोरात.

भाऊजींनी इंजिन पिळलं. त्याच क्षणी ह्यांनी बादली डोक्यावर उलटी घातली, खांद्यांपर्यंत ओढून घेतली आणि अंगाची जुडी करून तळाशी पडले.

मग पाणी फुटलं. किती होते ते सांगता येणार नाही, पलीकडचा काठ दिसेनासा झाला एवढं खरं. भाऊजी उभेच होते. एक खांद्यावर बसला, एक छातीवर, आणि ते वळायच्या आत एक तोंडावर. बादलीवर दाणदाण आवाज होत होता, तो मला काठावर ऐकू येत होता. बोट लव्हाळ्यात घुसून तिरकी थांबली. इंजिन बंद पडलं, आणि मग फक्त बोटीत पडलेल्या माशांची तडफड ऐकू येत राहिली.

परत येताना बोट ह्यांनी चालवली, अगदी सावकाश. भाऊजी माशांमध्ये आडवे होते. खांदा निखळला होता, समोरचे दात गेले होते, ओठ फाटून लोंबत होता. मी चालत धक्क्यावर पोचले तेव्हा चार नाववाले त्यांना उचलून बाहेर काढत होते.

"फार जोरात हाकली असणार," एक नाववाला म्हणाला.

"सवयच आहे त्यांना," दुसरा म्हणाला.

भाऊजींनी धडधाकट हात जोरजोराने हलवला, नाही नाही म्हणून. माझ्याकडे बोट दाखवलं. तोंडातून रक्त आणि काहीतरी आवाज आला, पण त्याचा शब्द होईना. मग त्यांनी भावाकडे पाहिलं, तू तरी सांग, अशा नजरेने. हे बोलू शकत होते. वेळ लागला असता, पण बोलू शकत होते. हे बोटीतले मासे एकेक उचलून धक्क्यावर टाकत राहिले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? गाडी भाऊजींना घेऊन इस्पितळाकडे गेली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी धक्क्यावरच खाली बसले.

घरी आल्यावर मी ह्यांच्या डोक्याला कुठे लागलंय का ते चाचपून पाहिलं. एक टेंगूळ होतं फक्त.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"लव्हाळ्यात जाळी... फाटली तुझी," हे म्हणाले. "शिवली... कुणी?"

मला हसू आलं. "मग घरीच बसायचं. एकटे गेले असते ते."

हे टेंगूळ चोळत राहिले. शब्द जुळवत होते की विचार करत होते, ते ह्यांच्या बाबतीत आता कळत नाही. मग म्हणाले, "जबडा माझा होता. तू एकटीने... का फेडायचं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं, अगदी हे सुद्धा कधी बोलले नव्हते. मी ह्यांच्या शेजारी सरकून बसले. "मग? बरं वाटलं ना?"

"बादलीत... दिसलं नाही काही. ऐकू आलं."

"काय?"

"ओरडला तो." ह्यांनी वाकडा जबडा हाताने धरला, जसा दुखायला लागला की धरतात. "दादा... म्हणून ओरडला. मला हाक... मारत होता."

भाऊजींनी मागितलेली माफी असती तर मी तिच्यावर थुंकले असते. पण ही माफी नव्हती. लहानपणी भीती वाटली की मारायची ती हाक होती, आणि ज्याने तिला ओ द्यायची तो बादलीखाली डोकं घालून पडला होता. मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला अजूनही भाऊजींची कीव आली नाही. ह्यांची आली.

सकाळी स्पर्धेच्या बोटी मोठ्या पाण्यात गेल्या. मी जाळं घेऊन होडीत बसले तर हे मागून आले, न बोलता समोर बसले आणि दुसरं वल्हं घेतलं. आम्ही लव्हाळ्याकडे गेलो. मोटर नव्हती, त्यामुळे कुणी उडी मारली नाही. पाणी नितळ होतं. होडीखालून घरजावई चालले होते, एकामागून एक, मांडीएवढे, तोंडं उघडी, कालच्या दिवसाशी काही संबंध नसल्यासारखे. जाळं माझ्या हातात होतं, पण टाकायला जागा नव्हती. ह्यांनी वल्हं उचलून आडवं धरलं. मीही धरलं. ते सगळे खालून निघून जाईपर्यंत आम्ही वल्ही पाण्याला लावली नाहीत.