पाहुण्यांचे धडे

विहीणबाईंनी फोनवर साफ सांगून टाकलं, "मी येणार नाही." सांगितलं अर्थात त्यांच्या भाषेत, आणि माईंच्या कानावर ते आलं सूनबाईच्या तोंडून, दोन दिवसांनी, कपड्यांच्या घड्या घालताना.

"आई म्हणते, बाळ झालं की तू झोपलेली असणार, नवरा कामावर. उरल्या कोण? मी आणि तुझी सासू. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही. दोन मुक्या बायका समोरासमोर बसून काय करणार?"

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सूनबाई मराठी झकास बोलायची. रडायची मात्र स्वतःच्या भाषेत. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. "नाही आली तर नाही आली," म्हणाली आणि हातातला उशीचा अभ्रा तिनं तोंडाला लावला.

माईंनी घड्या बाजूला सारल्या. पहिलटकरणीला आई हवीच. सासू कितीही गोड असली तरी ती सासू.

आता घोळ असा होता की हे घर एका देशात, सुनेचं माहेर दुसऱ्याच देशात आणि माई तिसऱ्या मुलखातल्या. इथली भाषा माईंना तीन वर्षांत बाजारापुरती आली होती. किलो, अर्धा किलो, हे नको, ते दाखवा. विहीणबाईंची भाषा शिकवणारं या शहरात एकच ठिकाण आहे, असं वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं. त्या देशाचे प्रवासी इथे खूप येतात, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वर्ग भरतो.

माई गेल्या. मास्तरीणबाईंनी विचारलं, "आपण कुठल्या हॉटेलात?"

"मुलाच्या घरी," माई म्हणाल्या. "पगार नाही, पण जेवणखाण सुटतं."

वर्ग खो खो हसला आणि माईंना दुसऱ्या बाकावर जागा मिळाली. शेजारी एक चादरी बदलणारी बाई होती, पाठीमागे दोन दरवान.

शिकवणं चालायचं इथल्या भाषेत. म्हणजे एक नदी ओलांडायची, तिथे अंग पुसायचं आणि मग दुसरीत उतरायचं. माईंच्या वहीत तीन रकाने होते. सुनेला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. पोरीला आशा लावायची आणि जमलं नाही तर?

मुलानं एकदा हटकलंच. "आई, मंगळवार-शुक्रवार कुठे जातेस गं?"

"शिकायला."

"काय?"

"आलं की सांगेन."

"पोहायला तर नाही ना?"

"बुडाले तर कळेलच की!"

माईंचा रोजचा नेम ठरलेला होता. आंघोळ, देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय आणि मग चहा. त्यात त्यांनी दहा वाक्यांची भर घातली. दहा पाठ झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात चहा अकराला झाला आणि एक दिवस तर झालाच नाही. पण सहा आठवड्यांत वर्गाच्या पुस्तकातले पाहुण्यांचे पाचही धडे तोंडपाठ झाले.

मग एका सकाळी, सूनबाई तपासणीला गेलेली पाहून, माई चांगली साडी नेसल्या, त्यांनी देवाला नमस्कार केला आणि विहीणबाईंना फोन लावला. पडद्यावर गोल चेहरा आला, भुवया वर चढलेल्या. विहीण म्हणजे मानाचं माणूस, तेव्हा माईंनी पुस्तकातला सगळ्यात आदबीचा धडा निवडला होता.

"आपलं स्वागत आहे. आपली खोली तयार आहे. खिडकी बागेकडे उघडते."

विहीणबाई चकित झाल्या. मग हसल्या. माईंना हुरूप आला. इथेच थांबायचं, तर माई थांबल्या नाहीत. जन्मात अध्याय अर्धवट सोडलेला नव्हता. धडा शेवटापर्यंत गेलाच पाहिजे.

"आपला मुक्काम किती दिवसांचा? न्याहारी सात ते नऊ. जाण्याच्या दिवशी खोली बाराच्या आत रिकामी करावी."

विहीणबाईंचं हसू मावळलं. त्या काहीतरी भराभर बोलल्या, माईंना ओ की ठो कळलं नाही, आणि पडदा काळा झाला.

दुपारी सूनबाई दारातच उभी राहून म्हणाली, "माई, आई विचारते, मी मुलीकडे येतेय की धर्मशाळेत? आली नाही तोवर कधी जाणार म्हणून विचारलं!"

माईंनी कपाळाला हात लावला. वही काढून पुढ्यात ठेवली. सूनबाईनं तीन रकाने पाहिले, पहिलं पान, दुसरं पान. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. "मी समजावते आईला."

"तू नको. तुझं ती खरं धरणार नाही. मुलगी सासूची बाजू सावरतेय असंच म्हणेल. घाण मी केलीय, मीच निस्तरते."

त्या दिवशी माई बराच वेळ खिडकीशी बसल्या. स्वतः या घरात नव्यानं आल्या तेव्हाचे दिवस आठवले. आई तू बस, आई तू राहू दे. कप विसळायला उठलं तरी कुणीतरी हातातून काढून घ्यायचं. आठ दिवस इतका मान मिळाला की न्हाणीघराची कडी लावून रडावं लागलं. मग एका सकाळी उशीर झालेली सूनबाई ओरडली, "माई, भाजी चिरून टाका ना, प्लीज!" त्या दिवशी माई या घरातल्या झाल्या.

शुक्रवारी त्यांनी चादरवालीला विचारलं, "पाहुणे सोडून दुसरं काही आहे का गं या पुस्तकात?"

"आपले धडे शेवटी आहेत, मावशी. आपण कामवाल्या एकमेकींशी बोलतो ते. बाई तिथवर पोचतच नाहीत."

आठवडाभर माईंनी शेवटचा धडा घोकला. मग पुन्हा फोन. विहीणबाईंनी उचलला, पण तोंड घट्ट मिटलेलं.

माईंनी ना स्वागत केलं ना नमस्कार. "कामाला माणूस कमी आहे. एकटीला होत नाही. तुम्ही लवकर या. चादरी तुमच्याकडे. स्वयंपाकघर माझ्याकडे."

आणि थांबल्या. धड्याची सात वाक्यं उरली होती, ती पोटातच ठेवली.

विहीणबाई खुर्ची पुढे ओढून एकेक शब्द सावकाश, जणू भिंतीत खिळे ठोकत बोलल्या, "चादरी नाही. स्वयंपाकघर माझ्याकडे."

"नाही, माझ्याकडे!"

"माझी मुलगी. स्वयंपाकघर माझ्याकडे!"

पुढचं भांडण पुस्तकात नव्हतं. माई मराठीत सुरू झाल्या, विहीणबाई त्यांच्या भाषेत. हातवारे झाले, घड्याळ दाखवून झालं, बोटं मोजून झाली. आवाज ऐकून सूनबाई पोट सावरत धावत आली.

"काय झालं? आई काय म्हणते?"

माईंनी पदरानं कपाळाचा घाम पुसला.

"येतेय. पण संध्याकाळचं स्वयंपाकघर घेतलंच बाईनं. सकाळचं तेवढं वाचवलंय मी."